जुन्या घराची डागडुजी
नाताळ जवळ आला की आपण जुने घर रंगवावयास काढितो. पण पैसा थोडा असता आधी कौले चाळावी, मग भिंती पाहाव्या, रंग शेवटी. खर्चाचा हिशेब आधी करावा, असे प्रभूने शिकविले आहे (लूक १४:२८). म्हणून कर्ज काढून भिंती शोभवू नयेत. मातीच्या ओलसर भिंतीस सिमेंट थापिले, तर ओल आत कोंडते व भिंत आतून ढासळते. मातीचा गिलावा व चुना तिला वाळू देतात. चट्टा पडलेले घर आतून खरवडावे, अशी आज्ञा लेवीय १४ व्या अध्यायात आहे. भावाशी अबोला धरून आपणही अंतःकरणास भक्तीचा वरवर लेप देत नाही ना? तो प्रभूला खरवडू देऊ. मग साध्या चुन्यानेही घर उजळेल.