फर्निचरवाल्याने घडवलेली फौज

फेब्रुवारी २००७ मध्ये व्लादिमिर पुतिन यांनी अनातोली सेर्द्युकोव्ह यांना संरक्षणमंत्री केलं, तेव्हा मॉस्कोतल्या सेनापतींना ती थट्टाच वाटली. हे गृहस्थ करखात्याचे प्रमुख, आणि त्याआधी सेंट पीटर्सबर्गमध्ये फर्निचरच्या धंद्यात. छातीवर पदकांच्या रांगा मिरवणाऱ्यांनी यांना सलाम ठोकायचा? अधिकाऱ्यांनी त्यांना ‘स्टूलवाला’ अशा अर्थाचं नाव ठेवलं आणि ते चिकटलंच. पण क्रेमलिनला असाच माणूस हवा होता. तेलाचा पैसा संरक्षण खात्यात ओतला जात होता आणि तो पुढे कुठे मुरतो हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

निमित्त मिळालं ते ऑगस्ट २००८ मध्ये, जॉर्जियाशी झालेल्या पाच दिवसांच्या युद्धाचं. रशिया जिंकला, पण जिंकतानाच अब्रू गेली. चिमुकल्या जॉर्जियाने टीयू-२२ जातीचं मोठं बॉम्बफेकी विमान पाडलं. रेडिओ यंत्रणा कुचकामी ठरली, अधिकारी मोबाइलवर बोलत होते. ५८व्या सैन्याचे सेनापती पत्रकारांना सोबत घेऊन निघाले आणि वाटेतल्या हल्ल्यात जखमी झाले.

दोनच महिन्यांत सेर्द्युकोव्ह यांनी सुधारणांचा आराखडा मांडला. तो किती धाडसी होता हे कळण्यासाठी आधीची व्यवस्था पाहायला हवी. सोव्हिएत काळापासून बऱ्याच डिव्हिजन कागदावरच भरलेल्या असत. प्रत्यक्षात तिथे असायचे अधिकारी, गोदामातले रणगाडे आणि त्यांची राखण करणारे मोजके शिपाई. महायुद्ध पेटलं की लाखो राखीव सैनिक येतील आणि रिकाम्या जागा भरतील, असा हिशेब. सरसेनाध्यक्ष निकोलाय माकारोव्ह यांनीच कबूल केलं की लढायला सज्ज अशा तुकड्या एक पंचमांशही नाहीत. मग कुऱ्हाड चालली. भूदलाच्या १८९० तुकड्यांच्या १७२ करायच्या, साडेतीन लाखांवर अधिकाऱ्यांतले दीड लाखच ठेवायचे (हा आकडा पुढे वाढवावा लागला), डिव्हिजन मोडून सुटसुटीत ब्रिगेड उभारायच्या. सक्तीची लष्करी सेवा तर त्याच वर्षी एका वर्षावर आली होती.

हा साचा उघडउघड पाश्चात्त्य होता. फेब्रुवारी २०१० च्या लष्करी धोरणात बाह्य धोक्यांच्या यादीत नाटोचा विस्तार पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्याच सुमाराला मॉस्को नाटोचा सदस्य असलेल्या फ्रान्सकडे मिस्त्राल जातीच्या युद्धनौका मागत होतं. रशियन नौदलप्रमुखांचं म्हणणं असं, की जॉर्जियात २६ तास लागलेलं काम मिस्त्राल असती तर ४० मिनिटांत उरकलं असतं. हे ऐकून जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, काय वाटलं असेल! दोन जहाजांचा सुमारे १२० कोटी युरोंचा करार २०११ मध्ये झाला. मुलिनो इथलं सैनिकी प्रशिक्षण केंद्र तर जर्मन कंपनी उभारणार होती. व्यापारातून शत्रुत्व निवळेल, अशी युरोपची समजूत. पद्धत न स्वीकारता हत्यार विकत घेता येतं, अशी रशियाची.

सेर्द्युकोव्ह खरे अडचणीत आले ते कारखानदारांना अंगावर घेतल्यावर. २०११ मध्ये पाणबुड्यांच्या किमतीवरून ते ज्यांच्याशी भांडले त्यांत सेवमाश गोदीही होती. ही गोदी आपल्याला चांगली परिचित. ‘विक्रमादित्य’ या आपल्या विमानवाहू नौकेचा २००४ मधला सुमारे ९७ कोटी डॉलरचा करार हिने २३० कोटींच्या पुढे नेला आणि जहाज पाच वर्षं उशिरा दिलं. तेव्हा या भांडणात भारतीय वाचकाची सहानुभूती फर्निचरवाल्याकडे गेली तर नवल नाही. पण स्टूलवाल्याचे हातही स्वच्छ नव्हते. खात्याच्या मालमत्तांची विक्री कवडीमोलाने झाल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांची गच्छंती झाली. पुढे सार्वत्रिक माफीत तेही सुटले.

त्यांच्या जागी आलेले सर्गेई शोइगू यांनी सेनापतींना चुचकारलं. तामान आणि कांतेमिरोव्ह या नावाजलेल्या डिव्हिजन परत उभ्या केल्या, आणि पायांना फडकी गुंडाळणाऱ्या शिपायाला अखेर मोजे दिले. मूळ चौकट मात्र बरीचशी तशीच ठेवली.

सुधारणा फसली असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. २०१४ मध्ये बिनखुणांच्या गणवेशातल्या शिस्तबद्ध जवानांनी क्रिमिया जवळजवळ गोळी न झाडता घेतला. (त्यापायीच मिस्त्राल हातच्या गेल्या आणि त्या इजिप्तला मिळाल्या.) पुढच्या वर्षी सीरियात रशियन विमानांनी असद यांची खुर्ची सावरली. सेर्द्युकोव्ह यांनी छोट्या, झटपट युद्धांसाठी फौज घडवली होती आणि अशा युद्धांत ती चालली. घात या यशानेच केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच फौजेला चार कोटींच्या युक्रेनवर धाडलं गेलं. चिलखती गाड्या होत्या, त्यांतून उतरून लढणारं पायदळ पुरेसं नव्हतं. बाजारात मिळणारे साधे रेडिओ वापरल्यामुळे संभाषण कुणालाही ऐकू जात होतं.

हे आधी कुणाला दिसलंच नव्हतं असं नाही. निवृत्त कर्नल मिखाईल खोदार्योनोक यांनी युद्धाच्या तीन आठवडे आधी एका मॉस्कोच्या साप्ताहिकात लिहिलं की युक्रेन सहजी वाकणार नाही, आणि पाश्चात्त्य शस्त्रांचा ओघ सुरू होईल. निवृत्त होते म्हणून लिहू शकले. २१ फेब्रुवारीला दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या सुरक्षा परिषदेच्या बैठकीत परदेशी हेरखात्याचे प्रमुख सर्गेई नारिश्किन पुतिन यांच्यासमोर अडखळत होते, चुकीचं उत्तर देऊन झापून घेत होते. संरक्षण खात्याचे हिशेब तपासायला बाहेरचा माणूस चालतो, पण युद्धाच्या निर्णयावर शंका घेणारा चालत नाही. ५८व्या सैन्याचे नंतरचे सेनापती इव्हान पोपोव्ह यांनी २०२३ मध्ये आघाडीवरच्या उणिवा वरिष्ठांपुढे मांडल्या. त्यांना पदावरून काढलं, पुढे फसवणुकीच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा झाली.

पाश्चात्त्यांचंही निदान चुकलं. कीव्ह काही दिवसांत पडेल असं धरून चाललेली मंडळी महिन्याभरात रशियन फौजेला हसायला लागली. ती फौज नंतर खंदक खणायला, ड्रोन वापरायला, माणसं खर्ची घालत पुढे सरकायला शिकली, तेव्हा हसू मावळलं.

मे २०२४ मध्ये पुतिन यांनी शोइगूंना हलवून पुन्हा बाहेरचाच माणूस आणला, अर्थतज्ज्ञ आंद्रेई बेलौसोव्ह. त्याआधीच एका उपमंत्र्याला लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली होती. आघाडीसाठी माणसंही विकतच घ्यावी लागत होती: जुलैमध्ये मॉस्को शहराने सैन्यभरतीच्या करारावर सही करणाऱ्याला एकरकमी १९ लाख रूबल जाहीर केले. केंद्राची रक्कमही आठवड्याभरात दुपटीहून वाढून चार लाखांवर गेली. सक्तीच्या भरतीऐवजी पगारी सैनिक, हे सेर्द्युकोव्ह यांच्या काळातलं उद्दिष्ट अशा बोलीवर पुरं होऊ लागलं आहे, आणि गरीब प्रांतांतल्या तरुणांना वेगवेगळ्या प्रांतांच्या रकमांची तुलना करून भरतीचं ठिकाण ठरवता येतं.