परत फिरलेली सून

बायबलच्या जुन्या करारातील रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. सासूवरील निष्ठेचा आदर्श म्हणून रूथ जगभर गाजली. तिची जाऊ अर्पा मात्र पहिल्याच अध्यायात रडते, सासूचा निरोप घेते आणि कथेतून निघून जाते ती कायमची. अलीकडे माझ्या मनात घर केले आहे ते या अर्पेने.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची स्त्री नवरा व दोन मुलगे यांच्यासह मवाब देशात जाऊन राहिली. तिथे नवरा गेला. मग तिथल्याच दोन मुली तिच्या सुना झाल्या. पुढे दोन्ही मुलगेही गेले. घरात तीन विधवा उरल्या. गावाकडे पुन्हा अन्न मिळू लागल्याचे कानी येताच नामी परत निघाली. सुनाही निघाल्या. वाटेत ती त्यांना म्हणाली, आपापल्या आईच्या घरी जा, पुन्हा संसार मांडा. दोघींनी नकार दिला. तिने पुन्हा विनवले. तेव्हा अर्पा परतली, रूथ बिलगून राहिली.

मूळ कथेत अर्पेला दोष देणारा शब्द नाही. उलट, तुम्ही मृतांशी आणि माझ्याशी मायेने वागलात, अशी पावती नामीच दोघींना देते. पुढच्या ज्यू परंपरेने मात्र अर्पेच्या नावाचा संबंध मानेच्या मागच्या भागाशी जोडला, म्हणजे पाठ फिरविणारी; आणि रूथ ज्या दाविदाची पणजी, त्याने मारलेल्या गल्याथाला हिचा वंशज ठरविले. तरी त्याच परंपरेत, सासूसाठी ढाळलेल्या चार अश्रूंच्या पुण्याईने तिला चार पराक्रमी पुत्र झाले, असेही म्हटले आहे. निंदकांनाही ते अश्रू पुसून टाकवले नाहीत!

तिचा अपराध कोणता? तिने सासूचे ऐकले. आणि आपल्या माणसांत परतणे हे पाप असेल, तर नामी तरी त्या वाटेवर दुसरे काय करीत होती? रूथने केले ते कर्तव्यापलीकडचे होते, म्हणूनच ते थोर. परंतु एकाने ती रेषा ओलांडली की शेजारी उभा असलेला, रेषेपर्यंत प्रामाणिकपणे आलेला माणूस एकाएकी कामचुकार दिसू लागतो. हा अन्याय त्याग करणारा करीत नाही; पाहणारे करतात.

शिवाय पाहणारा कोणत्या तीरावर उभा आहे, हेही आहेच. मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. ज्या बाईने 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला म्हणून स्वकीयांचे शब्द झेलले, तिनेच परक्या देवाला आपला म्हणणाऱ्या रूथचे बोल मराठीत आणले. मवाबी लेखकाने ही कथा लिहिली असती, तर पळपुटी रूथ ठरली असती आणि अर्पा कुलवती.

आमच्या फरीदाबादेत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. 1949 पासून इथे बन्नू, डेरा इस्माईल खान अशा सरहद्दीवरच्या गावांतील निर्वासितांसाठी नवे शहर वसविले गेले. त्यांच्यापुढे अर्पेची वाट नव्हतीच. मागचा रस्ता बंद होता. कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना तो सदैव उघडा आहे, आणि म्हणूनच जाणाऱ्याकडे राहणारे डोळे वटारून पाहतात.

आमच्या सेक्टरातील एका घरचा थोरला मुलगा वारला. त्याची बायको वर्षभर सासूजवळ राहिली आणि मग माहेरी सांगलीला निघून गेली. म्हातारीला टाकून गेली, अशी कुजबुज झाली. त्या कुजबुजीत मीही होतो. परवा धीर करून आजींना विचारले, सून गेल्याचे वाईट वाटते का?

“वाटते तर,” आजी म्हणाल्या. “पण गाडीचे तिकीट मीच काढून दिले होते.”