कर्ज फिटतं, ऋणाचं काय?

५० लाखांचं गृहकर्ज, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ७,९७४ रुपयांनी. २० वर्षं मुकाट्याने हप्ते भरले, तर बँकेकडे एकूण साधारण १ कोटी ४ लाख जातात. म्हणजे ५० लाखांवर ५४ लाख व्याज.

आता याच कर्जात तीन वर्षांनी एकदाच ५ लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत साडेतीन वर्षांनी कमी होते आणि सुमारे १३ लाखांचं व्याज वाचतं. रिझर्व्ह बँकेने जून २०१२मध्ये बँकांना बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला मनाई केली, त्यामुळे असे पैसे भरायला वेगळा खर्चही येत नाही. आमच्या ऑफिसमध्ये जेवणाच्या टेबलावर हा विषय क्रिकेटपेक्षा जास्त वेळा निघतो. बोनस आला, तर तो कर्जात भरायचा की एसआयपीत टाकायचा?

हिशोबापुरतं याचं उत्तर अवघड नाही. १३ लाखांचा आकडा ऐकायला जादूसारखा वाटतो, पण त्यात जादू काही नाही. कर्जात भरलेल्या रुपयावर तुम्हाला साडेआठ टक्के परतावा मिळतो, तोही खात्रीचा आणि करमुक्त. दुसरीकडे कर भरून त्याहून जास्त मिळण्याची आशा असेल आणि मधले चढउतार सोसायची तयारी असेल, तर तिकडे टाका. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती २ लाखांपर्यंत मिळते, तेवढा फरक धरा. झालं.

पण प्रश्न एवढाच असता, तर बिबवेवाडीतल्या आमच्या घरात त्यावर वर्षभर वाद चालला नसता.

बाबा या कर्जात सहअर्जदार आहेत. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं आहे, 'डोक्यावर कर्ज नको.' माझं म्हणणं, कर्ज डोक्यावर नसतं, ते बॅलन्स शीटवर असतं. ते दर टक्क्यांत मोजत नाहीत, मी टक्क्यांशिवाय काही मोजत नाही. आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर असू, तर मग आम्ही नक्की कशाबद्दल बोलत होतो?

बाबांची बाजू जुनी आहे. महाभारतात यक्ष विचारतो की सुखी कोण, आणि युधिष्ठिराच्या उत्तरात ज्याच्यावर ऋण नाही, ज्याला घर सोडून परमुलखात राहावं लागत नाही आणि जो आपल्या घरी साधी भाजी शिजवून खातो, तो माणूस येतो. त्याला किती परतावा मिळतो, हे यक्ष विचारत नाही. आपल्या जिल्ह्याची आठवण याहून कडवट आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते मिळवून त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं आणि १८७९मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. जमीन जाईल, ही भीती ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे, त्यांना साडेआठ टक्के हा दर वाटत नाही, ते एक टांगलेलं काहीतरी वाटतं. सात-बारावर अजूनही कर्जाला 'बोजा' म्हणतात.

मग माझं उत्तर असं की पैसे हाताशी ठेवलेले बरे. घराच्या विटा काढून हॉस्पिटलमध्ये भरता येत नाहीत. आज कर्जात ५ लाख भरले आणि सहा महिन्यांनी नोकरी गेली, तर बँक 'तुम्ही मागे जास्त भरले होते' म्हणून पुढचे हप्ते सोडणार नाही.

यावरही बाबांकडे उत्तर आहे, आणि ते पुण्यातलंच आहे. रुपी बँक. १९१२ साली सुरू झालेली, पेन्शनरांचा विश्वास असलेली सहकारी बँक. २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२मध्ये तिचा परवाना संपला. मधली नऊ वर्षं लोकांचे पैसे पासबुकात होते, पण हातात नव्हते. ठेवींचं विमासंरक्षण १९९३पासून १ लाखावरच होतं, ते फेब्रुवारी २०२०मध्ये ५ लाख झालं. तेव्हा 'पैसे हाताशी आहेत' हे वाक्यही एक कर्जच आहे, फक्त या वेळी देणेकरी बँक आणि घेणेकरी आपण. ज्याच्याकडे एकाच बँकेत ५ लाखांहून जास्त आहे, त्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. आमच्या घरात या वादातून एवढं तरी निष्पन्न झालं. पगाराचं खातं एका बँकेत, सहा महिन्यांच्या घरखर्चाची आणि हप्त्यांची एफडी दुसऱ्या बँकेत, आणि कर्ज तिसरीकडे.

वाद मिटवायला मी एक तांत्रिक तोडगाही आणला. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. त्यात जास्तीचे पैसे कर्जाला जोडलेल्या खात्यात ठेवायचे, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की ते काढताही येतात. व्याजदर सहसा थोडा जास्त असतो, पण दोन्ही बाजूंचं समाधान होतं, असं मला वाटलं.

बाबांनी विचारलं, 'समजा, त्या खात्यात कर्जाएवढीच रक्कम ठेवली, तर कर्ज फिटलं का?'

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. व्याज शून्य. येणं आणि देणं समान. माझ्या हिशोबाने निव्वळ कर्ज शून्य. पण घराचा मूळ करारनामा आणि इंडेक्स टू अजून बँकेच्या तिजोरीत. बाबांच्या लेखी कर्ज संपतं ते कागद घरी येतात त्या दिवशी. (डिसेंबर २०२३पासून नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.) दोन्ही स्थितींत आमची संपत्ती पैशापैशाने तेवढीच. तरीही त्या सारख्या नाहीत, हे मला मान्य करावं लागलं. म्हणजे कर्जमुक्त असणं ही रक्कम नाही, ते नातं आहे. कोणाचा माझ्यावर कोणता हक्क चालतो, याचं ते नाव आहे.

तसं पाहिलं की बरंच उलगडतं. मे २०२०मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहा झाला. अनेकांचा हप्ता तोच राहिला, मुदत मात्र गुपचूप लांबली. कुणीतरी आपल्या आयुष्याची तीन-चार वर्षं परस्पर बांधून घेतली, आणि आपल्याला ते एका एसएमएसने कळलं. किंवा नोकरीचं बघा. चुकीच्या कामाला 'नाही' म्हणायचं असतं, तेव्हा आपण आधी मनात हप्त्याची तारीख बघतो. हप्ता ४३ हजार नसता, तर किती मीटिंगमध्ये आपण वेगळं बोललो असतो? मुदतीआधी कर्ज फेडण्याचं खरं समर्थन मला इथे दिसतं. व्याज वाचतं ते ठीकच आहे. पण 'नाही' म्हणण्याची किंमत कमी होते, ही कमाई एक्सेलमध्ये दिसत नाही.

मात्र कर्ज हे नातं आहे असं एकदा म्हटलं, की हिशोब बँकेपाशी थांबत नाही.

मराठीत दोन शब्द आहेत, कर्ज आणि ऋण. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखक ज्यांचे आभार मानतो, त्यांच्या 'ऋणात राहू इच्छितो' म्हणतो. बँकेच्या ऋणात राहू इच्छिणारा कोणी मी पाहिलेला नाही. कर्ज फेडायचं असतं आणि संपवायचं असतं. ऋणातून उतराई व्हायची धडपड करायची, पण पूर्ण फिटलं असं म्हणायचं नाही. पूर्ण फिटलं म्हणणं म्हणजे नातं संपलं म्हणणं.

माझ्या इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी बाबांनी भरली. त्याचं स्टेटमेंट कधी आलं नाही, त्याला ड्यू डेट नाही, उशिराचा दंड नाही. आणि म्हणूनच ते नेहमी मागे पडतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन 'पुढच्या वर्षी बघू', कारण या वर्षी पार्ट पेमेंट करायचं असतं. ज्याच्याकडे ॲप आहे, नोटिफिकेशन आहे, त्याचं देणं आपण आधी देतो. जो मागत नाही, त्याचं राहतं. ही व्याजदराची चूक नाही, ती लक्ष कुठे द्यायचं याची चूक आहे.

आणि बिबवेवाडीत राहिलं की अजून एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आमच्या भागातल्या बसच्या पाट्यांवर 'अप्पर' असतं. अप्पर, लोअर, सुपर. नावं वाचून उंची वसाहती वाटतील, पण इंदिरानगर म्हणजे बरीचशी डोंगराच्या अंगाला चिकटलेली कष्टकऱ्यांची घरं. याच पत्त्यावर व्हीआयटीसारखं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. साडेआठ टक्क्यांचं कर्ज आणि दुसऱ्या प्रकारचं कर्ज यांच्यामध्ये इथे एका चढाचं अंतर आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ५० हजार घेतले होते, महिना शेकडा ४ने. दरमहा २,००० व्याज, वर्षाला २४,०००, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच ५० हजार मी माझ्या कर्जात भरले, तर वर्षाला माझे साधारण ४,२५० वाचतात. पगाराची स्लिप नाही, म्हणून त्यांना माझा दर मिळत नाही. म्हणजे मी ज्याला बोजा म्हणते, ते कर्ज मिळणं हीच त्यांच्या दृष्टीने श्रीमंती आहे.

मग ५० हजार कुठे जावेत? फायदा त्यांचा, पैसा माझा. इथे व्याजदराची तुलना बंद पडते. आम्ही घरात विचार करून ते पैसे मावशींना बिनव्याजी दिले. हे थोरपण म्हणून सांगत नाहीये, कारण पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. मावशी रविवारीही यायला लागल्या. सुट्टी मागेनात. दिवाळीला पगार वाढवायचा विषय काढला, तर म्हणाल्या, 'राहू द्या ताई, तुमचे आधीच एवढे आहेत.' बिनव्याजी पैशालाही व्याज असतं, ते रुपयांत नसतं एवढंच. बँकेने आजवर माझ्याकडून कृतज्ञता मागितलेली नाही. आपण जिला कोरडी म्हणतो, त्या बँकेत ही एक सभ्यता आहे. शेवटी दरमहा ठरलेली रक्कम, तारीख आणि वही असं रीतसर ठरवलं, पगार वेगळा वाढवला आणि रविवार बंद केला. उपकाराचं कर्जात रूपांतर केलं, तेव्हा मावशी पुन्हा मोकळ्या बोलायला लागल्या.

तुकोबांबद्दल परंपरा सांगते की १६३०च्या दुष्काळानंतर त्यांनी घरच्या सावकारीचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले आणि भावाचा वाटा भावाला दिला. मला यातला दुसरा भाग आता जास्त समजतो. त्यांनी भावाचं औदार्य परस्पर ठरवलं नाही. आणि कागदच बुडाल्यावर कुळांना दारात येऊन आभार मानत बसायचीही गरज उरली नाही.

तर आमच्या घरी सध्या क्रम असा आहे. आधी सहा महिन्यांची सोय. मग न मागणाऱ्यांचं देणं. आईचं ऑपरेशन त्यात पहिलं आहे, त्यासाठी डॉक्टरांची तारीख घेतली आहे आणि ती हप्त्याच्या तारखेसारखीच कॅलेंडरवर टाकली आहे. उरेल त्यातून वर्षातून एकदा कर्जात भरणा, मुदत कमी करायची, हप्ता नाही. या क्रमाने कर्ज १० वर्षांऐवजी १३ वर्षांत फिटेल. बाबांना तो आकडा आवडलेला नाही. पण त्यांनी परवा विचारलेला प्रश्न मला अजून सुटलेला नाही, आणि कर्ज फेडण्याची घाई असलेल्या प्रत्येकाने तो स्वतःला आजच विचारून ठेवावा. हप्ता संपेल त्या महिन्यापासून हातात ४३ हजार जास्त राहतील. तेव्हा तू कशाला 'नाही' म्हणणार आहेस, आणि कोणाला 'हो'?