अकरा महिन्यांचे शेजारी

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरमध्ये माणूस येतो तो बहुतेक वेळा अकरा महिन्यांसाठी. खोलीचा करार तेवढ्याच मुदतीचा असतो, कारखान्यातलं काम ठेकेदाराकडचं असतं, आणि मुलांचा शाळेतला दाखला पुढच्या वर्षी इथेच लागेल की गावाकडे, हे ठरलेलं नसतं. पण करार पुन्हा होतो, मग पुन्हा होतो, आणि बघता बघता त्याच खोलीत मुलगी दहावी होते. जौनपूरहून, ओडिशातून, धुळे-जळगावकडून आलेली अशी हजारो कुटुंबं आज नवापूर रोडच्या दोन्ही अंगांना, भैयापाड्यात, अवधनगरात, धोडीपूजात राहतात. ती इथली आहेत असं कोणी म्हणत नाही. तीही म्हणत नाहीत.

ज्यांच्या खोल्यांत ती राहतात, त्यांचं काय? तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं आणि सत्तरच्या दशकात बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहिली. कुणाची जमीन संपादनात गेली, कुणाची उरली पण भातातून घर चालेना. उरलेल्या गुंठ्यांवर मग चाळी उभ्या राहिल्या. दहा बाय दहाच्या खोल्या, वर पत्रे, दारात सामायिक नळ, टोकाला संडासाची रांग. दोन पिढ्यांपूर्वी जे कुटुंब पावसाची वाट बघायचं ते आता महिन्याच्या पहिल्या आठवड्याची वाट बघतं. बोईसर-चिंचणी पट्ट्यात घरोघरी दागिन्यांच्या डाय घडवणारे कसबी हात आहेत, किनाऱ्यावर मासेमारी आहे, नोकरदार आहेत. तरी कितीतरी स्थानिक घरांचा खात्रीचा आधार म्हणजे भाडं. म्हणून ‘भूमिपुत्र विरुद्ध परप्रांतीय’ हे निवडणुकीतलं भाषण मला इथल्या जमिनीवर उभं राहून कधीच पटलेलं नाही. भूमिपुत्राची चूल परप्रांतीयाच्या पगारावर पेटते आणि परप्रांतीयाच्या डोक्यावरचं छप्पर भूमिपुत्राचं असतं. दोघांची गाठ इतकी घट्ट आहे की एक सुटला की दुसरा पडतो. २०२०च्या टाळेबंदीत मजूर गावाकडे निघाले तेव्हा चाळी ओस पडल्या, आणि खोलीमालकांना हे वेगळं सांगावं लागलं नाही.

एवढी घट्ट गाठ असूनही त्या दोघांना एकत्र बसवणारी जागा मात्र नाही. बोईसर स्टेशनवरून पश्चिमेला निघा. चित्रालय, मधुर नाका, मुकट टँक असं करत वसाहतीत शिरा. वस्ती कुठेही तुटत नाही, पण कारभार पावलोपावली तुटतो. बोईसर, सरावली, खैरा, पास्थळ, कोलवडे, कुंभवली अशा शेजारशेजारच्या ग्रामपंचायती, मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे, फाटकाची हद्द रेल्वेची. गटार एका हद्दीत सुरू होतं आणि दुसऱ्या हद्दीत तुंबतं. कचऱ्याचा ढीग नेमका शिवेवर साठतो, कारण तिथे तो कुणाचाच नसतो. पावसाळ्यात रिक्षातून उतरून गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या बाईला हे नकाशे ठाऊक असायचं कारण नाही. तिला एकच दार हवं, जिथे जाऊन विचारता येईल.

२०११च्या जनगणनेनं बोईसरला शहर म्हणून मोजलं. लोकसंख्या पाच हजारांवर, चौरस किलोमीटरला चारशेहून अधिक माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर, या तीन कसोट्यांवर. तेव्हा एकट्या बोईसरची लोकसंख्या ३६ हजारांच्या पुढे होती. महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद कायद्यात लहान नागरी क्षेत्रासाठी २५ हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेर किमान ३५ टक्के रोजगार एवढीच अट आहे. मोजणीच्या वहीत शहर आणि कारभाराच्या वहीत गाव, अशी ही स्थिती. शेजारच्या पालघरला १९९८पासून नगरपरिषद आहे. तिथेही खड्डे आहेत, पण खड्ड्याबद्दल कुणाला धरायचं ते माहीत आहे.

बोईसरला नगरपरिषद हवी, असं माझं मत आहे. पण तिला होणारा विरोध मी नुसता घरपट्टीच्या भीतीचा मानत नाही. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६च्या पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला जमीन, पाणी, गौण वनोपज यांवर बोलण्याचा हक्क दिला. शहराची हद्द ओढली की वारली पाड्याची ही ग्रामसभा एका फटक्यात वॉर्ड होते, रोजगार हमीचं काम जातं, आणि बदल्यात मिळतो तो एक नगरसेवक, जो बहुधा इमारतीतला असतो. पाड्यांचे हक्क आधी लिहून घेऊन मगच हद्द ठरवणं शक्य आहे. ते किचकट आहे, वेळखाऊ आहे, पण अशक्य नाही. जी बाई आषाढात शेवळं आणि करटोली घेऊन नाक्यावर बसते, तिला या शहरात फुटपाथचा कोपरा मिळतो की अतिक्रमणाची नोटीस, यावर मी त्या शहराची परीक्षा करीन.

वेळ नाही, असं मात्र सरकारनं म्हणू नये. मोठ्या कामांसाठी ते पन्नास-पन्नास वर्षांचा विचार करतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला आणि पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला सिडकोनं मुख्यालय उभारलं. त्याच्या भोवती नवं शहर वसवायचं म्हणून चारशे हेक्टरांहून अधिक शासकीय जमीन सिडकोकडे दिली गेली. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, पूर्वेकडून द्रुतगती महामार्ग, उत्तरेला डहाणू तालुक्यात वाढवण बंदर, ज्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली आणि खर्च ७६ हजार कोटींच्या वर सांगितला गेला. ज्या डहाणूला केंद्रानं १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलं, त्याच तालुक्यात. सूर्या नदीचं पाणी धामणी धरणातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला न्यायची योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची. हे सगळं इथून जातं. माल जातो, वीज जाते, पाणी जातं. जे इथे थांबतं, त्याचं नियोजन कुणी करत नाही.

आणि काय काय थांबतं? सांडपाणी थांबतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वांत प्रदूषित ठरलं. वसाहतीचं सांडपाणी नवापूरला समुद्रात जातं, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. २०२३मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, सातपाटीच्या मच्छीमारांना त्याचा अभिमान वाटलाही असेल, पण जाळ्यात येणाऱ्या मासळीची काळजी त्यानं मिटत नाही. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तर अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवलीच गेली. रात्री सुटणारा उग्र वास चाळीतल्या मजुराच्या आणि मालकाच्या घरात सारखाच शिरतो. तक्रार करायला मात्र मजूर येत नाही. नोकरी त्याच कारखान्यात, आणि मत गावाकडे.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ही मताची गोष्ट. ज्या वस्तीत निम्मी माणसं मतदार यादीत नसतात, तिथल्या नळाला आणि गटाराला राजकीय वजनच उरत नाही. याचा तोटा यादीत असलेल्यालाही होतो. १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा घर स्वतःचं असावं अशी अट घालत नाही. माणूस तिथे सर्वसाधारणपणे राहत असला की पुरे. गावाकडची जमीन, रेशन, भाऊबंद यांच्यामुळे अनेकांना तिकडचं नाव सोडवत नाही, हे खरं. पण ज्याला इथे नाव घालायचं असतं, त्याची गाडी अनेकदा दुसरीकडेच अडते. राहत असल्याचा पुरावा खोलीमालकानं द्यायचा असतो, आणि मालक घाबरतो. उद्या हा खोलीवर हक्क सांगेल, असं त्याला वाटतं.

ही भीती काढता येते. मतदार यादीत नाव आलं म्हणून खोलीची मालकी मिळत नाही, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावावं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेची दवंडी चाळीतही द्यावी. भाडेकरूला मत नसलं तरी नळाबद्दल बोलू द्यावं. आणि मालकांनी वीजबिलाची प्रत काढून द्यावी. ज्याच्या भाड्यावर आपल्या मुलाचं इंजिनिअरिंग झालं, त्याला एवढा एक कागद देणं काही फार नाही.