घर कोणाचे?

मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक तरुण जोडपे आम्हाला भेटले. लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली, कडेवर बाळ, दोघांचीही नोकरी कंत्राटी. ते म्हणाले, "काका, काकू, दर महिन्याचा किराया पाण्यात जातो. कर्ज काढून घर घेऊन टाकावे का?" आम्ही दोघेही क्षणाचा विचार न करता म्हणालो, "घेऊन टाका. आपले ते आपले." ते समाधानाने निघून गेले. आम्ही मात्र घरी पोहोचेपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. "आपले ते आपले" हे आम्ही इतक्या सहज म्हटले खरे, पण त्याचा अर्थ आम्हाला तरी नीट ठाऊक आहे का, असे दोघांच्याही मनात येत होते.

आम्ही दोघेही क्वार्टरमध्ये वाढलो. एकाचे वडील कोळसा खाणीत होते, दुसऱ्याचे बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली. पुढे दुर्गापूरचे वीज केंद्र आले, भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी होतीच. या सगळ्यांच्या आधाराने केरळ, आंध्र, छत्तीसगड, उत्तर प्रदेश कुठून कुठून माणसे चंद्रपुरात आली. आपल्या चर्चमधल्या बाकांवर नजर टाकली तरी हे दिसते. क्वार्टर म्हणजे गंमतच होती. ते आपले नव्हते आणि किरायाचेही वाटत नव्हते. आईने अंगणात पेरू आणि शेवगा लावला, वडिलांनी मागे टिनाचे शेड टाकले, आमची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिली गेली. मग एक दिवस वडील निवृत्त झाले, आणि क्वार्टर सोडावे लागले. त्यात कोणाचा दोष नाही, नियमच तो. दुसऱ्या कामगाराचे कुटुंब रांगेत होते. पण ट्रकमध्ये सामान चढवताना आई पेरूच्या झाडाजवळ बराच वेळ उभी राहिली, ते आम्ही विसरलेलो नाही.

लग्नानंतर नऊ वर्षे आम्ही किरायाने राहिलो. नऊ वर्षांत चार घरे. अनुभव सांगायला बसलो तर पत्रकाची पाने पुरणार नाहीत, आणि आपल्यापैकी अनेकांना ते नवे नाहीत. खोली बघायला गेले की पहिला प्रश्न आडनावाचा. आमचे नाव ऐकले की पुढचा प्रश्न जेवणाचा. एका ठिकाणी सकाळी खोली रिकामी होती. नाव सांगताच ती घरमालकाच्या पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघाली. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर जातो, तेव्हा कूलर ही काही चैन नव्हे. पण कूलरला रोज पाणी लागते आणि वीज लागते, म्हणून दर उन्हाळ्यात भांडण ठरलेले. सबमीटरचा दर घरमालक सांगेल तो. नाताळात चर्चची कॅरोल मंडळी गिटार घेऊन आली, तर दुसऱ्या दिवशी आम्हाला समज मिळाली. आणि दर अकरा महिन्यांनी नवा स्टॅम्प पेपर, नवा किराया, नाहीतर "भावाला घर पाहिजे, बघा आता."

या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त लागलेली गोष्ट लहान आहे. चारही घरांत ताकीद होती की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमच्या लग्नात मिळालेला लाकडी क्रूस नऊ वर्षे कपाटाच्या डोक्यावर आडवा पडून होता. धर्मगुरू घराला आशीर्वाद द्यायला आले की आम्ही तो भिंतीला टेकवून उभा करायचो, आणि ते गेले की पुन्हा आडवा, कारण पंख्याच्या वाऱ्याने तो पडायचा.

तेव्हा आम्हीही म्हणायचो की किराया पाण्यात जातो. आज शांतपणे हिशेब केला तर ते तितकेसे खरे दिसत नाही. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १७,३५० रुपये बसतो. वीस वर्षांत भरायचे सुमारे ४१ लाख ६५ हजार. घेतले वीस लाख, आणि व्याजच साडेएकवीस लाखांहून अधिक. पहिल्या हप्त्यातले १४ हजारांवर रुपये नुसत्या व्याजात जातात. घराच्या खात्यात पडतात जेमतेम तीन हजार. व्याज म्हणजे पैशाचा किरायाच. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, ज्याला पुढच्या वर्षी नागपूरला किंवा राजुऱ्याला जावे लागेल, त्याने शेजाऱ्याने घेतले म्हणून घर घेऊ नये, असे आता आम्हाला वाटते. अर्थात, म्हातारपणी अकरा महिन्यांचे कागद घेऊन दारोदार हिंडणे हेही कोणाच्या नशिबी येऊ नये. त्याचा हिशेब कोणत्याही बँकेच्या तक्त्यात नसतो.

घर स्वतःचे झाले म्हणजे पायाखालची जमीन पक्की झाली, असेही आपल्या जिल्ह्यात म्हणता येत नाही. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या शंभरावर कुटुंबांना आपापली घरे सोडून जावे लागले. ती घरे त्यांची स्वतःची होती. त्याच वर्षी जुलैत इरईच्या पुराचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांनीही नदीकाठचे प्लॉट पैसे मोजूनच घेतलेले होते. स्वस्त म्हणून घेतले होते, एवढेच.

स्वस्तावरून आठवले. आम्ही प्लॉट शोधत होतो तेव्हा एका ओळखीच्या माणसाने गडचिरोलीच्या रस्त्यावर एक जागा दाखवली. किंमत ऐकून विश्वास बसेना. सातबारावर नाव एका गोंड शेतकऱ्याचे होते. १९६६ च्या महसूल संहितेत १९७४ साली झालेल्या दुरुस्तीपासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने विकत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि शासनाचीही. दलाल म्हणाला, त्याची काळजी नको. त्याच्याच एका नातेवाइकाच्या नावे कागद करू, राहायचे तुम्ही. खोटे कशाला सांगावे, आम्ही त्या रात्री झोपलो नाही, आणि ते केवळ पापाच्या भीतीने नव्हे. आम्हाला ती जागा हवी होती. नऊ वर्षांच्या खिळ्यांचा राग होता. आपल्याला कोणी सवलत दिली नाही, मग आपण का मागे हटावे, असेही वाटले.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची एक गोष्ट आहे. हा मनुष्य आयुष्यभर तंबूत राहिला, परक्या देशात उपरा म्हणून वावरला. त्याने विकत घेतलेली जी जमीन तिथे सांगितली आहे ती साराला पुरण्यासाठी, मकपेलाच्या गुहेसह एक शेत. मालक एफ्रोन फुकट देतो म्हणत होता. अब्राहामाने ऐकले नाही. नगराच्या वेशीपाशी सगळ्यांच्या देखत चारशे शेकेल चांदी तोलून दिली आणि मगच बायकोला माती दिली. ज्याला हक्काचे काही नव्हते त्याने आडमार्गाचा हक्क नाकारला. आम्ही ती जागा घेतली नाही. आमच्या चांगुलपणाचा हा दाखला समजू नका. आणखी आठ दिवस मिळाले असते तर काय झाले असते ते आम्ही सांगू शकत नाही.

याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. "आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे अनेकांना ते माहीत असेल. २००९ मध्ये त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. नंतर २०१३ मध्ये त्या गावाने जे केले ते आम्हाला अधिक विचारात टाकते. गावकऱ्यांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपापल्या शेतजमिनीची खासगी मालकी गावाच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. जो कसतो तो कसतच राहतो, त्याच्यामागे त्याची मुले. मात्र बाहेरच्या माणसाला ती विकता येत नाही. आम्ही वीस वर्षांचे कर्ज काढून ज्या शब्दामागे धावलो, तो शब्द त्यांनी सर्वांनी मिळून बाजूला ठेवला. आणि तरी उद्या "निघा" असे त्यांना कोण म्हणणार? आम्हाला तेव्हा कळले की आम्हाला मालकी नको होती. आम्हाला "निघा" ऐकायचे नव्हते, आणि एक खिळा ठोकायचा होता. बाजारात हे दोन्ही सुटे मिळत नाही, म्हणून अख्खे घर विकत घ्यावे लागते.

शेवटी आम्ही घर घेतले. अकृषक परवानगी असलेल्या ले-आऊटमध्ये, शहराच्या टोकाला, दोन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. राहायला गेलो त्याच दिवशी क्रूस भिंतीवर लावला. कर्ज फिटत आले तेव्हा गच्चीवर दोन खोल्या चढवल्या आणि किरायाने दिल्या.

आता लिहायला अवघड वाटणारा भाग आहे. वरच्या खोल्यांसाठी पहिले कुटुंब आले तेव्हा आम्ही विचारलेला पहिला प्रश्न होता, "आडनाव काय?" दुसरा, "घरी पाहुणे फार येतात का?" सबमीटरचा दर आम्ही महावितरणच्या बिलापेक्षा दोन रुपये जास्त लावला, मोटारीचा खर्च म्हणून, मोटारीचा खर्च किती येतो ते कधी मोजले नाही. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीविना कागदावर आम्ही नऊ वर्षे कुरकुरलो होतो. आम्ही स्वतः स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन तो कपाटात ठेवून दिला. कोणी शिकवले नव्हते. घरमालक व्हायला काही शिकावे लागत नाही, असे दिसते.

परमगुरू तेरावे लिओ, ज्यांचे नाव २०२५ मध्ये आपल्या चौदाव्या लिओंनी घेतले, त्यांचे १८९१ चे कामगारांविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध आहे. कामगाराला मजुरीतून शिल्लक टाकून थोडी मालमत्ता करता यावी, असे ते आग्रहाने सांगतात, आणि आपण सारे ते आवडीने सांगतो. त्याच पत्रात पुढे एक भेद केला आहे: एखादी वस्तू रीतसर आपली असणे वेगळे आणि ती रीतसर वापरणे वेगळे, वापरताना ती सगळ्यांची असल्यासारखी, गरज असलेल्याला सहज देता येईल अशी वापरावी. ही बाजू घराची रजिस्ट्री झाल्यावर कोणी वाचत नाही. आम्हीही वाचली नव्हती.

सध्या वर राहणारे कुटुंब एटापल्लीकडचे आहे. मुलीच्या शाळेसाठी चंद्रपूरला आले. नवरा वीज केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला. गेल्या आठवड्यात त्याची बायको खाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, सासऱ्यांचा फोटो आहे, एक खिळा ठोकू का? तुम्ही म्हणाल तिथे." आणि आम्ही म्हणालो, "प्लास्टर उडते गं. कपाटावर ठेव ना." ती बरं म्हणून गेली. तिने तोंड वाकडे केले नाही. आम्हीही नऊ वर्षे केले नव्हते.

हे त्या तरुण जोडप्याला सांगायला हवे होते, असे त्या रविवारी वाटेत आम्हाला वाटत होते. घर घ्या किंवा किरायाने राहा, तुमच्या पगाराला झेपेल ते करा; पण घर घेतलेत तर पुढे त्याच्या गच्चीवर काय बांधाल, हे आताच ठरवून ठेवा. ते भेटतील तेव्हा सांगू. कराराची नोंदणी या महिन्यात करायची आहे, आणि सबमीटरचा हिशेब बिलाशी ताडून बघायचा आहे. मागचे जास्तीचे पैसे परत द्यायचे की पुढच्या किरायात वळते करायचे, यावर आमच्या दोघांचे अजून एकमत नाही.

खिळ्याचे मात्र काल झाले. शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणली आणि वर गेलो. फोटो कुठे लावायचा ते त्यांच्या मुलीने दाखवले, खिडकीसमोर, जिथून आजोबांना रस्ता दिसेल. प्लास्टर थोडे उडालेच.