अण्णा नको म्हणतात

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावशीच्या धाकट्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. आधी एका ऑफर लेटरचा स्क्रीनशॉट, खाली एक ओळ. 'दादा, लगेच जॉइन व्हा म्हणायलेत. शेवटचं सेम राहिलंय. काय करू?'

मी टाइप केलं, 'डिग्री पूर्ण कर.' पुसलं. मग 'जा, अनुभव महत्त्वाचा' असं टाइप केलं. तेही पुसलं. त्याला तिकडे बराच वेळ 'टायपिंग' दिसत असणार. शेवटी 'उद्या फोन करतो' एवढंच पाठवलं.

आमच्या घरात आणि गावात अशा प्रश्नांसाठी मी ठरलेला माणूस आहे. 'त्याला विचार, त्याला पण आली होती नोकरी, पण थांबला, म्हणून आज बघ.' मी थांबलो होतो हे खरं आहे. का थांबलो, हे मात्र मी कुणालाच खरं सांगितलेलं नव्हतं.

जानेवारी २०१९. मी तेव्हाच्या उस्मानाबादेत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. (२०२३ साली धाराशिव झालं. माझ्या मार्कशीटवर जुनंच नाव आहे.) सातव्या सेमची परीक्षा नुकती संपली होती. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने आमच्या वर्गातल्या दोघांना ऑफर दिली, मला आणि माझ्या रूम पार्टनरला. महिना अठरा हजार. अट एकच, १ फेब्रुवारीला हजर व्हायचं. त्यांना कुठल्या तरी क्लायंटचं काम उरकायचं होतं, आमच्या आठव्या सेमशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. एचओडी सरांनी स्पष्ट सांगितलं की प्रॅक्टिकलला आणि प्रोजेक्टला नसाल तर टर्म ग्रँट होणार नाही. म्हणजे सरळ वायडी.

२०१८ चा पावसाळा आठवत असेल तर हा आकडा किती मोठा होता ते कळेल. ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. आमचा बोअर दिवाळीलाच आटला. माझ्या फीचा अर्धा भाग शाहू महाराज शिष्यवृत्तीतून यायचा, तोही येईल तेव्हा. उरलेला शेळ्यांमधून. उस्मानाबादी शेळीचं नाव पशुपालनाच्या पुस्तकात असतं. काळी, लांब कानांची, बरेचदा जुळी देणारी. आमच्याकडे ती सेमिस्टरप्रमाणे विकली जायची. आठव्या सेमसाठी दोन गेल्या होत्या.

रूम पार्टनरने एका रात्रीत ठरवलं. 'काय बे, हितं बसून काय करायचं? माझा एम-थ्री तसाही राहिलाय. पगार सुरू झाला की एक्झाम देऊ कधीतरी.' मीही हो म्हणालो. ३० जानेवारीच्या रात्रीची ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं काढली. आणि मी अण्णांना सांगायला गावी गेलो.

अण्णांना हे सांगणं अवघड होतं, कारण अण्णांनीही कॉलेज अर्धवट सोडलेलं आहे. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा अण्णा वीस वर्षांचे होते, उमरग्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत झालं, पण इकडे उमरगा-लोहारा पट्ट्यात सास्तूरसारखी गावंही तशीच बसली. आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचं काम निघालं. गावंच्या गावं नव्याने बांधायची होती. ठेकेदाराला हिशेब ठेवणारा, लिहिता येणारा पोरगा हवा होता. अण्णा मस्टर लिहायला लागले. कॉलेज पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. घरं उभी राहिली, काम संपलं, ठेकेदार दुसरीकडे गेला आणि अण्णा शेतात आले.

म्हणून मला खात्री होती की अण्णा नको म्हणतील. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

ते शेळ्यांना पाला टाकत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'तुला जावं वाटायलंय का?'

'माहीत नाही.'

'मग मला काय विचारायलास? जायचं तर जा, राहायचं तर राहा. फी भरलीय म्हणून राहू नको.'

बुडालेल्या पैशासाठी पुढचा निर्णय घेऊ नये, हे मला पुढे अर्थशास्त्राच्या एका व्हिडिओत चाळीस मिनिटं ऐकावं लागलं. अण्णांनी एका वाक्यात उरकलं होतं. पण तेव्हा मला त्याचा रागच आला. मी रात्री गच्चीवर गेलो, जिथे रेंज येते, आणि रूम पार्टनरला फोन लावला.

'अण्णा नको म्हणतात.'

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'बरं. अण्णाच नको म्हणले तर काय करणार.' तो एकटा गेला.

१९४५ साली पॅरिसमधल्या एका व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. महायुद्धाचे दिवस. मोठा भाऊ १९४० मध्ये लढाईत गेलेला, वडिलांचं आईशी पटत नाही, आईला आधार फक्त या मुलाचा. आईजवळ राहायचं की इंग्लंड गाठून फ्रान्ससाठी लढणाऱ्या फौजेत जायचं, हे विचारायला तो सार्त्रकडे आला. सार्त्रने सांगितलं, तू मोकळा आहेस, तूच निवड. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एवढा मोठा माणूस आणि सरळ हात झटकतो! पण त्याच व्याख्यानात तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला जास्त लागली. सल्ला मागायला कुणाकडे जायचं हे आपण ठरवतो, तेव्हा साधारण कोणता सल्ला मिळेल हे आपल्याला माहीत असतं. म्हणजे निवड तिथेच झालेली असते. मी अण्णांकडे नकार आणायला गेलो होतो. तो तिथे मिळाला नाही, तेव्हा मी स्वतः तयार केला आणि त्यावर अण्णांचं नाव घातलं.

बरं, मला भीती कशाची होती? शहराची नव्हती. ऑफर लेटरमध्ये पगाराचा एकच आकडा होता, बेसिक किती, पीएफ किती, काही नाही. दोन वर्षांचा बाँड होता. ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या होत्या. पगार कोणत्या तारखेला होतो असं मी फोनवर विचारलं, तर मालक हसून म्हणाला, स्टार्टअपमध्ये असे प्रश्न नसतात. हे सगळं मला खटकलं होतं. पार्टनरला नव्हतं, त्याने पत्र नीट वाचलंही नव्हतं. पण 'मला भीती वाटते' असं म्हणायची मला लाज वाटली. एकविसाव्या वर्षी मित्रासमोर भित्रं दिसण्यापेक्षा आज्ञाधारक मुलगा दिसणं परवडतं.

बरीच वर्षं मी समजत होतो की या खोट्याने कुणाचं काही बिघडलं नाही. घरच्यांचं नाव पुढे करणं ही तर आपल्याकडे रीतच आहे, लग्नापासून ट्रिपपर्यंत. पण इथे एक फरक होता. अण्णांचा नकार त्याला लागू नव्हता. माझी भीती लागू होती. तिच्यात त्याच्या उपयोगाची माहिती होती, आणि ती मी दाबून ठेवली. खरं सांगितलं असतं तरी तो कदाचित गेलाच असता. पण मार्कशीटबद्दल दोन प्रश्न विचारून गेला असता.

त्याने तिथे चौदा महिने काम केलं. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचा. काम चांगलं करायचा, माझ्याहून चांगलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद पडली, दोन महिन्यांचा पगार बुडाला, मार्कशीट मिळवायला चार खेपा झाल्या. त्यानंतर त्याने अर्ज केले तेव्हा अनुभव होता, डिग्री नव्हती. एम-थ्री तसाच होता.

२०२२ मध्ये मी ज्या कंपनीत होतो तिथे नोकरभरतीच्या एका पोर्टलचं काम आलं. पदवी पूर्ण झाल्याचं वर्ष हा रकाना सक्तीचा करायचा, अशी रिक्वायरमेंट होती. अर्ध्या तासाचं काम. नावापुढे लाल चांदणी, आणि रकाना रिकामा ठेवला तर 'सबमिट'चं बटण राखाडी. टेस्टिंगसाठी मी स्वतः तो रिकामा ठेवून पाहिला. बटण दबलं नाही. टेस्ट पास.

कॉलेज सोडून मोठे झालेल्यांच्या गोष्टी आपण सगळे ऐकत आलोय. बिल गेट्सने १९७५ साली हार्वर्ड सोडलं. तो रजा घेऊन निघाला होता, परतायची सोय होती, आणि वडील वकील होते. धंदा बुडाला असता तर तो पुन्हा वर्गात बसला असता. २००७ मध्ये हार्वर्डने त्याला मानद पदवीही दिली. माझ्या पार्टनरने सोडलं ते धाराशिवचं कॉलेज होतं, मागे कोरडवाहू चार एकर. दोघांना एकच शब्द लावायचा, 'धाडस', हे मला पटत नाही. चूक झाली तर तिची किंमत कोण आणि किती वर्षं भरणार, हे त्या शब्दात येतच नाही.

मग गाव मला शहाणा कशावरून म्हणतं? निकालावरून. बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली 'नैतिक नशीब' या कल्पनेवर निबंध लिहिला. त्यात चित्रकार गोगँचं उदाहरण आहे. बायकापोरं मागे ठेवून तो चित्रं काढायला ताहितीला जातो. विल्यम्स म्हणतो, निघताना त्याचं बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही. चित्रं साधली तर काहीतरी समर्थन उरतं, नाही साधली तर तेही उरत नाही. हे वाचून मला आमचा पारच आठवला. लॉकडाऊन आलाच नसता, ती कंपनी वर गेली असती, तर तो धाडसी ठरला असता आणि मी 'बापाच्या पदराआड बसलेला'. जानेवारीतली ती रात्र तीच, फोन तोच, फक्त पुढचं वेगळं.

आणि थांबलेल्या सगळ्यांचं भलं होतं असंही नाही. २०२२ ला पास झालेल्या बॅचमधल्या इन्फोसिसच्या ऑफर मिळालेल्या शेकडो मुलांनी डिग्री हातात असून जॉइनिंगसाठी दोन-दोन वर्षं वाट पाहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्यांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. तेव्हा 'आधी डिग्री, मग सगळं सुरळीत' हे मावशीच्या पोराला सांगायला माझी जीभ रेटत नाही.

विल्यम्सचं मला निम्मं पटतं. लॉकडाऊन नशिबाचा भाग होता, त्याचं श्रेय मी घेऊ नये. पण त्या रात्रीची एक गोष्ट नशिबाची नव्हती. मी फोनवर काय बोललो ती.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या पोराला फोन केला. त्याने मलाच का विचारलं हे मला कळत होतं. थांबलेल्या माणसाकडून त्याला 'थांब' हवं होतं. मी त्याला विचारलं, भीती वाटते का? तो म्हणाला, नाही. थोड्या वेळाने म्हणाला, हो, जरा. कशाची, ते लिहून काढ म्हटलं. कॉलेजला विचार, आता बऱ्याच ठिकाणी आठव्या सेमला इंटर्नशिप चालते, लेखी देतात का बघ. आणि जो गेला होता त्याच्याशीही बोल, नंबर देतो.

नंबर देतो म्हणालो आणि अडकलो. कारण तो पोराला सगळं सांगताना हेही सांगणार, की याला यायचं होतं, पण याचे अण्णा नको म्हणाले. पोरगा ते त्याच्या आईला सांगणार, मावशी माझ्या आईला, आणि आई अण्णांना विचारणार. निदान नंबर देण्याआधी मला त्याला फोन करणं भाग होतं. सहा वर्षांनी खरं बोलायला मला हे असलं कारण लागलं, हेही लिहून ठेवतो.

तो आता उमरग्यात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा तर रात्री बारापर्यंत रांग असायची. त्याच्या डोक्यावर कर्ज नाही, आईवडील जवळ आहेत. माझ्यावर फ्लॅटचा वीस वर्षांचा हप्ता आहे. कुणाचं बरं चाललंय हे मला खात्रीने सांगता येत नाही. पण दुसऱ्यांचे कॉलेजचे फॉर्म भरताना त्याला काय वाटतं, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

फोन उचलला तेव्हा मागे कुणीतरी आधार नंबर मोठ्याने वाचून दाखवत होतं. मी एका दमात बोलून टाकलं. अण्णा नको म्हणाले नव्हते. मी घाबरलो होतो. पत्रात हे हे दिसलं होतं, तुला सांगितलं नाही.

'थांब बे,' तो म्हणाला. 'ओटीपी आलाय. संपतंय.' आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्या रात्रीबद्दल तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही. पावसाचं बोललो, सोयाबीनच्या भावाचं बोललो. मग त्यानेच विचारलं, 'त्या पोराचं काय झालं?'

'ठरवायलाय अजून.'

'ऑफर लेटर पाठव मला,' तो म्हणाला. 'मार्कशीट जमा करून घ्यायलेत का, ते आधी बघू.'