ओहोटीची वेळ

पहाटे शिरगावला पोचलो की समुद्र आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. मग सुरूची झाडं हळूहळू उजळतात आणि त्यांच्या पलीकडे ओल्या वाळूवर काही ठिपके पळताना दिसतात. ही भरतीची मुलं. पोलीस भरतीची. आणि भरतीची ही मुलं धावतात मात्र ओहोटीला.

पाणी मागे गेलं की वाळू घट्ट होते. पाय रुतत नाही. वरच्या सुक्या, भुसभुशीत वाळूत पाऊल फसतं आणि सेकंद वाया जातो. या मुलांना सेकंद परवडत नाही. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढले तर 20 पैकी 20 गुण. मुलींना 800 मीटर, 2 मिनिटं 50 सेकंद. एखादा सेकंद इकडेतिकडे झाला की घरातलं बरंच काही इकडेतिकडे होतं.

ओहोटी काही रोज एकाच वेळी येत नाही. शाळेत भूगोलाच्या बाईंनी एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाला पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मात्र पहाटे किनारा मोकळा. या मुलांनी पंचांग फारसं उघडलेलं नसेल, पण चंद्र कुठे आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं.

मी तिथे चालायला जातो. डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद माझ्यापुढे सरकवला, साखरेच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारली आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी वाद घातला असता. त्या रेघेशी वाद घालता येईना. दुसऱ्या दिवशी बूट आणले.

सुरुवातीला मला वाटायचं, सकाळी बाहेर पडणारे सगळे असेच कोणी तरी रेघ मारलेले. तसं नसतं. आमच्या पालघरातल्या सोसायटीतल्या बायका साडेपाचला निघतात. साडीवर स्वेटर, पायात मुलाचे जुने बूट. कशाला जाता विचारलं तर व्यायामाला जातो असं त्या म्हणत नाहीत. म्हणतात, पाय मोकळे करायला. हा शब्दप्रयोग मी जन्मभर वापरला, पण त्यातलं ‘मोकळे’ त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं. दिवसातला तेवढा पाऊण तास त्यांना कोणी हाक मारत नाही.

पूर्वी आम्ही बोईसरला राहायचो. शेजारचे एक गृहस्थ तारापूर एमआयडीसीत लूमवर होते. नाइट करून सकाळी साडेसातला परतायचे आणि घरात न शिरता, डबा हातात तसाच ठेवून, वसाहतीला दोन फेऱ्या मारायचे. आमची सकाळ, त्यांची रात्र. मला वाटे, माणूस तब्येतीला फार जपतो. एकदा विचारलं. म्हणाले, “मशीन बंद होते, पण कानातली बंद व्हायला दोन फेऱ्या लागतात. त्याशिवाय झोप नाही.” झोपण्यासाठी चालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

हल्ली हातातल्या घड्याळांनी आणखी एक कारण पुरवलं आहे. एका ओळखीच्यांची दहा हजार पावलं झाली नाहीत तर ते रात्री अकराला हॉलमध्ये सोफ्याभोवती फिरतात. घरचे टीव्हीसमोरून जरा सरका म्हणतात. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्याने काढला असेल म्हणून मी शोधत गेलो. निघालं असं की, टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965च्या सुमारास, जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘दहा हजार पावलं मोजणारं’. नाव जाहिरातीचं होतं. ओळखीच्यांना हे मी सांगितलेलं नाही. सोफ्याभोवती का होईना, चालताहेत.

सातपाटीला गेलो की मात्र हे सगळं थोडं लाजिरवाणं वाटतं. बंदरात बोटी लागलेल्या, लिलावाचा गलका, आणि पापलेटच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बायका झपाझप निघालेल्या. त्यांच्या चालीपुढे माझी चाल म्हणजे विश्रांती. माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघून एकीने विचारलं, रोज एवढं चालून जाता कुठे? कुठेच नाही, नुसता चालतो, म्हटल्यावर ती खळखळून हसली. म्हणाली, आम्ही पोट भरायला चालतो, तुम्ही पोट उतरवायला. मला पुढे उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तिच्या बोलण्यावरून पूर्वी वाचलेलं एक आठवलं. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांच्या हृदयविकाराचा हिशेब मांडला होता. 1953 साली तो छापून आला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना तो विकार बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी होता. कंडक्टर काही हृदयासाठी जिने चढत नव्हते. तिकिटं फाडायला चढत होते. शरीर कारण विचारत नाही, असं तेव्हा वाचून वाटलं. पण टोपलीवाल्या बाईला मान आणि गुडघे काय म्हणतात हे विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. पोटावरून विषय हसण्यावारी गेला, तो मीही जाऊ दिला.

परत शिरगावला येतो. तिथला एक मुलगा, मुलगा कसला आता, माझ्या ओळखीचा झाला आहे. वळायची जागा कळावी म्हणून तो स्वतःच्या चपला वाळूत ठेवायचा. एकदा पाणी चढायला लागलेलं त्याच्या ध्यानात आलं नाही आणि डावी चप्पल गेली. उरलेली उजवी त्याने टाकली नाही. पुढे किती तरी दिवस ती एकटीच खुणेला होती. गोळाफेकीचा गोळा तो पिशवीतून आणायचा, 7 किलो 260 ग्रॅमचा. वाळूत पडला की असा रुतायचा की फेकण्यापेक्षा उकरायलाच जास्त दमायचा.

दोन भरत्या झाल्या. एकदा मैदानी चाचणी चुकली, एकदा लेखी. बरोबरची चार जणं लागली. ती आता कुठे कुठे बंदोबस्ताला असतात आणि शिरगावला दिसत नाहीत. याचं मला नवल वाटलं. ज्यांचं कारण पुरं झालं, त्यांचं धावणं थांबलं. त्यांना दोष नाही, पिकलं की शेतकरीही पेरत नाही.

याचं वय मात्र आता भरतीत बसत नाही. तो मनोर रोडला एका दुकानात कामाला लागला आहे. तरी येतो. गोळा आणत नाही, मोबाईलवर वेळ लावत नाही, पण धावतो. एकदा धीर करून विचारलं, आता कशासाठी रे? उभा राहून त्याने खरोखर विचार केला. वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली, पुसली. म्हणाला, “माहीत नाही काका. नाही आलो तर चुकल्यासारखं वाटतं.”

मी पुढे चालायला लागलो. माझी साखर गेल्या वर्षीच ताब्यात आली. रेघ मारलेला तो कागद कपाटात कुठे आहे, आता सापडणारही नाही. तरी पाच वाजता जाग येते, आणि जाग आली की पहिली आठवण तिथीची होते.

उद्या अष्टमी. पहाटे सहाला पाणी चढलेलं असेल. त्यामुळे तो उद्या रस्त्याने धावेल, आणि मीही रस्त्यानेच जाईन.